घरातले रंधा-करवत मशीन: पाती, टेबल आणि पट्टा जुळवताना

रंधा, गोल करवत आणि ड्रिल अशी तीन कामे एका स्टँडवर करणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये शाफ्ट एकच असतो. त्याच्या मधोमध रंध्याची पाती, एका टोकाला करवतीचे ब्लेड, आणि ब्लेड काढले की तिथेच ड्रिल चक. म्हणजे तुम्ही फळी रंधत असता तेव्हा हातभर अंतरावर करवतही पूर्ण वेगाने फिरत असते. रंधायचे काम असेल तर ब्लेड उतरवूनच ठेवा. ते शक्य नसेल तर करवतीचे टेबल इतके वर घ्या की एकही दात बाहेर दिसता कामा नये. ब्लेडचा नट सोडवायला तो ब्लेड फिरते त्याच दिशेने फिरवावा लागतो. उलटीकडे जोर लावला की तो आणखी आवळतो आणि पाना निसटून बोटे दातांवर जातात. कोणताही नट हाताळण्याआधी स्विच बंद करून थांबू नका, पिन सॉकेटमधून काढा.

रंधाईचा सगळा दर्जा एका गोष्टीवर ठरतो: पात्याची धार सर्वांत वर येते तेव्हा ती मागच्या टेबलाच्या, म्हणजे लाकूड बाहेर पडते त्या टेबलाच्या, पातळीत हवी. हे तपासायला महागडे गेज लागत नाही. ३० सेंमी लांबीची, एक कड अगदी सरळ असलेली लाकडी पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवा की तिचे टोक पात्यांवरून पुढे येईल. टेबलाच्या ओठाशी पट्टीवर पेन्सिलची खूण करा. आता पुली हाताने हळूच कामाच्या दिशेने फिरवा. धार पट्टीला अलगद उचलून पुढे ओढते. पुन्हा खूण करा. दोन खुणांत ३ मिमीच्या आसपास अंतर आले तर धार टेबलाच्या वर केसाच्या जाडीहूनही कमी आहे, आणि तेवढीच हवी. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना हे करा. सगळीकडे सारखे अंतर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पाते पाचरीने दाबून धरलेले असते. पाचरीचे बोल्ट एकदम आवळले तर पाते वर सरकते आणि केलेली मेहनत वाया जाते. मधला बोल्ट आधी, मग दोन्ही बाजूंचे, असे तीन फेऱ्यांत आवळा. पाती ज्यात बसतात त्या गोल ब्लॉकच्या बाहेर पाते सुमारे १ मिमीच राहू द्या. मशीन दहा मिनिटे रिकामे चालवून बंद करा, पिन काढा आणि बोल्ट पुन्हा तपासा. पाती धारेला देताना सगळी एकत्रच द्या. एकाचे वजन कमी झाले तर शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग लवकर जाते.

फळीच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये खोलगट चर पडत असेल तर मागचे टेबल खाली आहे. फळी त्याच टेबलाच्या कडेला अडत असेल तर ते वर आहे. रंधलेल्या पृष्ठभागावर एकच बारीक उंच रेघ लांबपर्यंत दिसत असेल तर खिळ्याने किंवा वाळूच्या कणाने धारेत खोक पडली आहे. पाती काढायची गरज नाही. एक पाते आडवे १ मिमी सरकवा, म्हणजे दुसऱ्याची धार ती रेघ खाऊन टाकते. जुन्या चौकटीचे सागवान रंधायचे असेल तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. सागात सिलिका असल्यामुळे धार तशीही लवकर जाते.

लाकडाचे रेषे उपटत असतील तर फळीची कड बघा. रेषा उतरत तुमच्याकडे येत असतील तशी फळी धरा. नरम लाकडाला एका वेळी १ मिमी, सागाला अर्धा मिमी पुरतो. ३० सेंमीपेक्षा आखूड तुकडा पात्यांवरून नेऊ नका. तो दोन टेबलांमधल्या फटीत कलंडतो आणि हात खाली जातो.

करवतीत धोका आहे तो लाकूड मागे फेकले जाण्याचा. ब्लेडच्या एका दातावर खूण करा. तोच दात पुढे आणि मागे फिरवून गाईडपट्टीपासूनचे, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतो त्या पट्टीपासूनचे, अंतर मोजा. दोन्ही सारखे हवे. मागे किंचित जास्त चालेल, कमी मात्र कधीच नको, कारण लाकूड तिथे दाबले जाते आणि मागचे वर येणारे दात ते तुमच्याकडे भिरकावतात. ब्लेडमागची फाळ, म्हणजे कापलेल्या फटीत शिरणारी पातळ पट्टी, काढून ठेवणे ही फार मोठी चूक आहे. कापलेली फट मिटू नये म्हणून ती असते. रेषेबरोबर उभे कापायला २४ ते ३० दातांचे ब्लेड, प्लायवूडला ६० किंवा जास्त. कापताना जळकट डाग पडले तर धार गेली असे लगेच समजू नका, आधी डिंक काढा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्लेड पंधरा मिनिटे ठेवा, ब्रशने घासा, लगेच कोरडे करा.

मोटर २ एचपीची असेल तर १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि पक्के अर्थिंग हवे. बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडते, मोटर तापते. साध्या स्विचऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा, म्हणजे वीज गेली की बंद होऊन बंदच राहणारा, स्टार्टर बसवा. वीज जाऊन परत आली की साध्या स्विचवर मशीन आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी कोणाचा हात टेबलावर असेल सांगता येत नाही. मोटर नुसतीच गुणगुणत असेल तर कॅपॅसिटर तपासा. पुलीला हाताने झटका देऊन सुरू करू नका.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. दोन पुल्यांत ४० सेंमी अंतर असेल तर ६ मिमीच्या आसपास दबावा. ढिला पट्टा घसरून जळका वास येतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. नवा पट्टा काही तासांत लांबतो, तेव्हा पुन्हा ताणा. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत का बघा.

कोकणात पावसाळ्यात बिडाचे टेबल एका रात्रीत तांबूस होते. ६०० नंबरच्या पॉलिशपेपरवर थोडे रॉकेल घेऊन घासा, पुसा आणि मेण चोळा. साधी मेणबत्तीही चालते. तेल नको, ते लाकडाला डाग पाडते. सिलिकॉनचा स्प्रे तर मुळीच नको, कारण त्या लाकडावर नंतर पॉलिश धरत नाही. मशीन झाकायला जुनी सुती चादर घ्या. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून गंज उलट वाढतो. पात्यांच्या खाली साठलेला भुसा दर कामानंतर काढा. दमट भुसा ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.