शिडाच्या बोटीवर नळाला पाणी कमी येतंय? नवा पंप घेण्याआधी हे तपासा

नळाची धार बारीक झाली की बरेच जण थेट पंपच बदलायला काढतात. ती घाई करू नका. 30–40 फुटी बोटीवर दोष बहुतेक वेळा टाकी आणि पंप यांच्यामध्येच निघतो. तो शोधायला एक बादली, स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर पुरतात.

आधी बघा, पाणी एकाच नळाला कमी येतंय की सगळ्यांना? एकाच नळाला असेल तर पंपाला हात लावू नका. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. क्षार साचला असेल तर ती अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. फक्त गरम पाणी कमी असेल तर गरम पाण्याच्या टाकीला पाणी आत सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा पुढचा मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळणारा) अडकलेला असू शकतो. ते पाणी इंजिनावर तापलेलं असेल तर चांगलंच पोळतं. म्हणून हीटर बंद करा, टाकी थंड होऊ द्या, नळ उघडून दाब सोडा आणि मगच जोड खोला.

सगळ्याच नळांना कमी येत असेल तर पंपाचा आवाज ऐका. पंप जोरात घरघरतोय आणि नळ थुंकल्यासारखा थांबून थांबून पाणी टाकतोय, म्हणजे पंप हवा धरतोय. दोन टाक्या असतील तर रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का बघा, कारण पंप भरलेल्या टाकीतलं पाणी सोडून तिथली हवा ओढत बसतो. बोट एका बाजूला कलली की अर्ध्या टाकीतलं पाणीही शोषण नळीपासून दूर सरकतं, त्यामुळे ही तपासणी बोट सरळ असतानाच करा.

मग पंपाच्या अलीकडची गाळणी उघडा. मुंबईत पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर चढवून ठेवतात. टाकीत पाणी राहिलं असेल तर आत बुळबुळीत थर धरतो, आणि पहिल्याच फेरीत तो सुटून जाळीला चिकटतो. जाळी धुवा. झाकणाच्या रबरी रिंगला चीर नाही ना, ते नखाने चाचपून बघा. इतक्या बारीक चिरेतूनही हवा शिरते, पण बाहेर पाण्याचा थेंब दिसत नाही, कारण त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. त्याच ओढीने मऊ नळी आतून चपटी होते. म्हणून शोषण बाजूला जाड, आधाराची नळीच हवी, निदान 13 मिमी आतल्या व्यासाची. लॉकरमधल्या सामानाखाली ती चेपली नाही ना, तेही बघा.

डेकवरचं पाणी भरायचं झाकण उघडताच धार वाढली तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी, चोंदलाय. हवा आत येत नसल्यामुळे टाकीत निर्वात तयार होतो.

एवढं करूनही सुधारणा नसेल तर बादलीची चाचणी करा. पंपाची शोषण नळी टाकीवरून काढून थेट भरलेल्या बादलीत बुडवा. धार सुधारली तर दोष टाकीकडचाच आहे. नाही सुधारली तर पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 12.6 आणि पंपावर 11.3 च्या खाली, म्हणजे वायर बारीक आहे किंवा जोडावर हिरवा गंज चढलाय. पंप 7 अँपिअर घेत असेल आणि वायर 5 मीटर जाऊन 5 मीटर परत येत असेल, तर 1 चौरस मिमीच्या तारेत सुमारे 1.3 व्होल्ट गळतात, 2.5 च्या तारेत जेमतेम अर्धा.

व्होल्टेज ठीक असेल तर पंपाची बाहेर जाणारी नळी काढून 1 लिटरचं माप भरायला किती वेळ लागतो ते बघा. मिनिटाला 11 लिटर लिहिलेल्या पंपाने ते 5–6 सेकंदांत भरायला हवं. मात्र तो आकडा मोकळ्या प्रवाहाचा असतो, नळाला त्याहून कमीच येणार. माप वेळेत भरलं आणि नळ तरी मंदच, तर पुढचा कार्बन फिल्टर तुंबलाय. तो काढून किंवा पाणी त्याला वगळून नेऊन बघा. वेळेत भरलं नाही तर पंपाच्या आतल्या झडपांत कचरा आहे किंवा डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) फाटलाय. झडपा आणि डायफ्राम बहुतेक मॉडेलसाठी किटमध्ये मिळतात.

धार लाटांसारखी कमीजास्त होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर टाकीची (पंपापुढची, आत हवा भरलेली आणि दाब एकसारखा ठेवणारी छोटी टाकी) हवा तपासा. पंप बंद, नळ उघडे, अशा स्थितीत टायर गेजने मोजा. ज्या दाबाला पंप सुरू होतो त्याहून सुमारे 2 पीएसआय कमी ठेवा. तिच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतलं रबर फाटलंय, हवा भरून उपयोग नाही.