सोमवारी सुट्टी असते हे सर्व्हरला कोण सांगणार?

निकाल लागले की ओळखीतली दोन-तीन पोरं हमखास घरी येतात. "दादा, क्लाउडमध्ये जायचंय. कुठला कोर्स लावू?" मी उलट विचारतो, "टॅलीत कधी एखादं व्हाउचर टाकलंयस का?" पोरगं हिरमुसतं. क्लाउड म्हणजे काहीतरी भारी, आणि हा बाबा दिवाणजीच्या कामाबद्दल विचारतोय! पण माझं सगळं शिक्षण त्या दिवाणजींच्या टेबलापाशीच झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

2018 साली मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या आयटी फर्ममध्ये लागलो. प्रिंटर, नेटवर्क, अँटिव्हायरस आणि कुणाची टॅली अडकली की गाडीला किक, एवढंच काम. क्लाउड हा शब्द फक्त मुलाखतीत भेटला होता. मीही ठोकून दिलं होतं की येतंय म्हणून.

मग 2019 चा ऑगस्ट आला. तो महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट धरतात; त्या वेळी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्या एका ग्राहकाची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) शिरोली एमआयडीसीत आणि हेड ऑफिस व्हीनस कॉर्नरजवळ, तळमजल्यावर. सर्व्हर टेबलाखाली फरशीवर. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ही व्यवस्था आमच्याच फर्मनं लावून दिली होती आणि कामाच्या कागदावर सही माझी होती.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा सर्व्हरच्या पंख्यातून चिखल निघाला. दिवाणजींच्या पेन ड्राइव्हवर तेवढी तीन आठवड्यांपूर्वीची कॉपी सापडली, तीही सीएकडे न्यायची म्हणून घेतलेली. मधल्या तीन आठवड्यांची चलनं आणि बिलं आम्ही कागदावरून परत टाकली. कागद कारखान्यात होते म्हणून वाचले. ते आणायला मात्र हायवे मोकळा होईपर्यंत थांबावं लागलं.

मालक चिडले नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पुन्हा असं झालं तर किती दिवसांचं काम वाया जाईल, आणि किती तासांत परत चालू होईल? पुढे अभ्यास करताना कळलं की या दोन प्रश्नांना आरपीओ आणि आरटीओ अशी नावं आहेत. (आरटीओ म्हटल्यावर मालकांना लायसनचं ऑफिस आठवलं, तो भाग वेगळा.) तुम्ही कुठल्याही धंद्यात क्लाउडचं काम करायला गेलात तर आधी ही दोन उत्तरं मालकाच्या तोंडून काढा. मेल चार तास बंद राहिला तरी चालेल, डिस्पॅच (माल रवाना करणं) अर्धा तासही बंद चालणार नाही. पुढचा सगळा खर्च या उत्तरांवर ठरतो.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली मशीन इंटरनेटवरून भाड्यानं घेणं, वापराल तेवढं बिल. यात नवीन असं फार नाही. ॲमेझॉननं 2006 साली स्टोरेज आणि मशीन अशी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाचं वळण नंतर आलं. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, तर ॲमेझॉननं 2016 मध्ये मुंबईत डेटा सेंटर सुरू केली. त्यामुळे "आमची वही परदेशात जाणार काय रं?" या मालकाच्या पहिल्या प्रश्नाला मुंबई किंवा पुणे असं उत्तर देता येतं. आता तर ते लागतंच. 2022 च्या ऑगस्टपासून कंपन्यांना संगणकावरच्या हिशेबवह्यांचा बॅकअप दररोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम आहे.

आम्ही सगळं एकदम हलवलं नाही. आधी फक्त बॅकअप, रोज आपोआप क्लाउडच्या स्टोरेजमध्ये. महिनाभर ते बघून मग मेल. मग टॅली: क्लाउडवर एक विंडोज मशीन घेतली, टॅली तिथं टाकली आणि हेड ऑफिस व शिरोली दोन्हीकडून लोक त्याच मशीनवर काम करू लागले. आधी संध्याकाळी शिरोलीहून पेन ड्राइव्ह घेऊन पोरगा शहरात यायचा, ती फेरी बंद झाली. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून मशीन चालवण्याचा) दरवाजा मात्र थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीच्या खासगी वाटेच्या, आतच ठेवा. मी पहिल्या दिवशी चाचणीपुरता उघडा ठेवला होता. जेवून आलो तर लॉगमध्ये जगभरातून पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांची रांग लागलेली. इमारत, वीज, हार्डवेअर क्लाउडवाला सांभाळतो. कुलूप तुमचं तुम्हीच लावायचं.

काही गोष्टी हलवल्याच नाहीत. धातूची केमिस्ट्री तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा संगणक भट्टीशेजारीच राहिला. वितळलेलं लोखंड थांबून राहिलेलं असताना नेट येण्याची वाट कोण बघणार? त्याचे रिपोर्ट तेवढे दर तासाला वर जातात. पुण्याच्या ग्राहकानं एखाद्या कास्टिंगचा हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या घाणीतलं ते) सांगून टेस्ट सर्टिफिकेट मागितलं की पूर्वी फाइलींचे गठ्ठे उपसावे लागायचे. आता क्वालिटीवाला फोन चालू असतानाच पाठवून देतो. मालकांना क्लाउड पटला तो इथं.

आता बिलाची गोष्ट. पहिल्या महिन्याचं बिल बघून मालक म्हणाले, "एवढ्यात तर नवा सर्व्हर हप्त्यानं आला असता की!" खोटं नव्हतं. मशीन चोवीस तास चालू, म्हणजे महिन्याला साधारण 730 तासांचं भाडं. ऑफिस चालतं दिवसाला 10 तास, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 260 तास. बाकीचे 470 तास आम्ही अंधाराला टॅली दाखवत होतो. मी मोठ्या उत्साहानं मशीन आपोआप चालू-बंद करण्याचं वेळापत्रक लावलं. सकाळी 9 ला चालू, संध्याकाळी 7 ला बंद, आणि पुस्तकात असतं तसं रविवारी सुट्टी.

रविवारी सव्वानऊला डिस्पॅचवाल्यांचा फोन. "टॅली उघडंना. गाडी भरून उभी हाय."

शिरोली-गोकुळ शिरगाव या एमआयडीसींची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. मी जन्मापासून कोल्हापुरात, कॉलनीतले निम्मे काका फाउंड्रीत, सोमवारी ते घरी दिसतात हे मला पाठ. तरी वेळापत्रक लिहिताना डोक्यात रविवारच होता. घाईघाईनं ते बदललं, तर मंगळवारी मशीन सकाळी 9 ऐवजी दुपारी अडीचला उठलं. नव्या वेळापत्रकाचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होतं आणि आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढं. दोन धडे, दोन्ही मालकाच्या शिव्यांसकट. हे बसल्यावर मशीनचं भाडं साधारण दोन-तृतीयांश कमी झालं. पण मशीन बंद असली तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, हे विसरून मालकाला मोठी बचत सांगू नका. मी सांगितली होती.

सगळं मिळून क्लाउड जुन्या सर्व्हरपेक्षा स्वस्त पडला का? त्या फाउंड्रीला नाही, थोडा महागच पडला. मालक तरी आजही तो बंद करू देत नाहीत. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं, व्हीनस कॉर्नरचं ऑफिस पुन्हा बंद. दिवाणजी लेकीकडे अडकले होते. तिच्या लॅपटॉपवरून त्यांनी पगाराची यादी करून बँकेला पाठवली. नंतर भेटल्यावर मला म्हणाले, "पूर आला तरी सुट्टी न्हाई, असली सोय केलीस बघ माझी."

खरा स्वस्त पडतो तो हंगामी धंद्याला. साखर कारखान्याचं गाळप चार-पाच महिने. तेव्हा वजनं, पावत्या, ऊसबिलं यांचा लोंढा असतो आणि त्यानंतर सामसूम. हंगामाच्या मापाचा सर्व्हर विकत घेतला तर उरलेलं वर्ष तो धूळ खातो. भाड्याची मशीन मोठी-छोटी करता येते. एवढं मात्र सांभाळा, की काट्यावरचं वजन नेट गेलं तरी झालं पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर आली की तिथं क्लाउडचे फायदे ऐकायला कुणी थांबत नाही.

नेटवरून आठवलं. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून नंबर घेणं) सक्तीचं झालं. नंबर मिळाल्याशिवाय बिल होत नाही आणि बिलाशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे क्लाउडच्या खर्चात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेट लाइन आधीच धरा.

आणि बॅकअप परत उघडून बघा. आमचा बॅकअप चार महिने रोज 'यशस्वी' दाखवत होता. एकदा सहज उघडायला गेलो तर कंपनीचा डेटा अर्धवट. लोक टॅलीत काम करत असतानाच कॉपी घेतली जात होती. वेळ सगळ्यांचं काम थांबल्यावरची, पण मशीन बंद व्हायच्या आधीची केली. आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुसऱ्या मशीनवर डेटा उतरवून दिवाणजींना ताळेबंद जुळवायला लावतो. ते कुरकुरतात, पण जुळवतात.

कोर्सचं विचारलंत तर आधी नेटवर्किंग आणि लिनक्स, कुठूनही शिका. आयपी पत्ता, सबनेट, डीएनएस हे कच्चं राहिलं तर पुढचं सगळं पाठांतर होतं. मग एकच क्लाउड धरा. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल अशा तिन्हींच्या मागं धावू नका. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा 90 मिनिटांची, 65 प्रश्नांची, 1000 पैकी 700 ला पास. मुलाखतीचं दार उघडायला ती पुरते, काम करायला नाही. स्वतःचं खातं उघडलंत तर पहिल्या दहा मिनिटांत दोन कामं करा: लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा कोड लावा आणि बजेटचा इशारा लावा. इशारा फक्त मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. मित्राच्या कार्डावर खातं उघडू नका. पैसे जातात आणि मित्रही.

त्यानंतर ओळखीच्या एखाद्या कारखान्यात आठवडाभर डिस्पॅचला बसा, फुकट बसवलं तरी. माल कधी भरतात, चलन कोण काढतं, कुठल्या कागदासाठी गाडी अडते ते वहीत लिहून काढा. तेवढं सोमवारी जाऊ नका, गेटला कुलूप असतं.