एसटीत बसून ऐकायचं वैद्यकशास्त्र

माझी मावसबहीण औशाहून रोज लातूरला नीटच्या क्लासला जाते. एसटीची वाट बघण्यात आणि प्रवासात मिळून दीडेक तास जातो. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, या वेळात ऐकायला पॉडकास्ट सांग ना. पुढे डॉक्टर होताना उपयोगी पडतील असे." मी उत्साहात तिथल्या तिथे पाच नावं पाठवली. रात्री मात्र चुटपुट लागली. नुसत्या नावांनी काय होणार? मीही एमबीबीएसची तीन वर्षं कानात इयरफोन घालून काढली, आणि त्यातलं पुष्कळसं कानाला लागून वाहून गेलं. कसं ऐकायचं हे फार उशिरा कळलं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी आता मेडिसिनची ज्युनिअर रेसिडेंट आहे आणि ऐकणं अजून सुरूच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पॉडकास्ट ऐकून नीटचे मार्क वाढत नाहीत. त्या पेपरात 180 प्रश्न असतात, त्यातले 90 जीवशास्त्राचे, आणि त्यांची उत्तरं एनसीईआरटीच्या पुस्तकात आहेत. ते पुस्तक ओळ न् ओळ वाचायला पर्याय नाही. म्हणून अकरावी-बारावीत आठवड्याला एकच भाग ऐका, तोही प्रवासात. शेवटचे तीन महिने तेवढंही नको. मग ऐकायचं तरी कशासाठी? साडेपाच वर्षं ज्या विषयात काढायची, तो आपल्याला खरंच आवडतो का, हे क्लासच्या टेस्ट सिरीजमधून कळत नाही. एखाद्या रोगाची गोष्ट ऐकताना कळतं.

सुरुवात 'धिस पॉडकास्ट विल किल यू'पासून करा. एरिन वेल्श आणि एरिन ऑलमन अपडाइक या दोन मैत्रिणी ते चालवतात. दोघींचं नाव एकच, आणि दोघींचा अभ्यास रोग पसरतात कसे याचा. बहुतेक भागांत एकच रोग घेतात. त्याने ग्रासलेल्या माणसाचा अनुभव सुरुवातीला येतो, मग तो रोग शरीरात काय करतो, त्याचा इतिहास काय, आणि आज जगात तो कुठे किती आहे. रेबीजचा भाग पहिला ऐका. कुत्रं चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हे आपण पाठ करतो. विषाणू त्या जखमेतून नसांत शिरून मेंदूकडे कसा सरकतो हे एकदा समजलं, की त्या 15 मिनिटांचा अर्थ कळतो. लक्षणं दिसू लागल्यावर हातात जवळजवळ काहीच उरत नाही, हेही.

इंग्रजीची भीती वाटेल. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मराठी माध्यमाच्याच शाळेत होते. पहिला भाग मला निम्मासुद्धा कळला नव्हता. वेग कमी करा, 0.8 वर ठेवा. 'सायन्स व्हर्सेस' नावाचं पॉडकास्ट आहे, वेंडी झुकरमन यांचं. त्याचा लिखित मजकूर मिळतो आणि प्रत्येक दाव्यापुढे तो कोणत्या संशोधनातून घेतला तेही दिलेलं असतं. मजकूर समोर ठेवून ऐकलं की महिन्याभरात कान तयार होतो. शिवाय कोणी काही ठामपणे सांगितलं की "कशावरून?" असं विचारायची सवय लागते. डॉक्टरला ही सवय जन्मभर पुरते.

एक दोनशे पानी वही करा. डावीकडे ऐकलेला शब्द, उजवीकडे तीच तक्रार तुमच्या गावातली आजी कशी सांगेल ते. माझ्या वहीत डावीकडे आहे 'ऑर्थोप्निया', आणि उजवीकडे: "उताणं झोपलं की दम कोंडतो, रात्री उठून बसावं लागतं." 'क्लॉडिकेशन'पुढे लिहिलंय: "चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं." कॉलेजात सगळं इंग्रजीतून शिकवतात, आणि ओपीडीत समोरचा माणूस यातला एकही शब्द उच्चारत नाही. या वहीने मला इंटर्नशिपमध्ये जितकं तारलं, तितकं कुठल्याही गाइडने तारलं नाही.

एमबीबीएसला लागलात की रात्री मेसवरून आल्यावर 'रेडिओलॅब' ऐका. त्यातला गाजलेल्या ट्यूमरवरचा भाग शोधा, त्यात हेन्रिएटा लॅक्स यांची हकिकत आहे. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या वारल्या. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. संमतीपत्रावर अंगठा घेताना घाई करू नये, हे मला त्या भागाने शिकवलं. विषाणूंची गोडी लागली तर 'धिस वीक इन व्हायरॉलॉजी' आहे, 2008 पासून चालू असलेलं. भाग लांबलचक असतात आणि पहिल्या वर्षाला जड जातात. मायक्रोबायोलॉजी सुरू झाल्यावरच त्याकडे वळा.

वॉर्डात पाऊल टाकलंत की 'क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हर्स'. यात एक डॉक्टर केस थोडी थोडी उलगडतो आणि उत्तर माहीत नसलेले बाकीचे मोठ्याने विचार करत जातात. इथे माझा एकच आग्रह आहे: थांबवा. प्रत्येक नवीन माहितीनंतर भाग थांबवायचा आणि आपल्या मनात काय आलं ते लिहायचं. समजा ऐकलंत, पन्नाशीचा माणूस, तीन आठवडे ताप, वजन उतरलं, आता पाठ दुखते. थांबवा. मी लिहीन: मणक्याचा टीबी, ब्रुसेलोसिस, हृदयाच्या झडपांवरचा जंतुसंसर्ग, मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर). मग प्रत्येकासमोर रुग्णाला विचारायचा एक प्रश्न. ब्रुसेलोसिससमोर: "घरी जनावरं आहेत का? दूध न तापवता पिता का?" मग पुढे ऐका. पाऊण तासाच्या भागाला दोन तास लागतील, लागू द्या. न थांबता ऐकलेल्या वीस भागांपेक्षा असा एक भाग जास्त शिकवतो, कारण चूक आपल्या अक्षरात समोर दिसते.

पण हे सगळं अमेरिकेतल्या रुग्णांबद्दल आहे, हे विसरू नका. मी एकदा विसरले होते. इंटर्न असताना श्रावणात एक शेतमजूर बाई आठ दिवसांच्या तापाने दाखल झाली. राउंडला सरांनी संभाव्य निदानं विचारली. मी गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांत थेट लाइम डिसीज, म्हणजे अमेरिकेत नेहमी दिसणारा आजार, सांगितला, कारण त्याच आठवड्यात त्याच्यावरचा भाग ऐकला होता. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "ही बाई खुरपायला कुठल्या गवतात बसते, ते विचारलंस?" मग सिस्टरना पडदा लावायला सांगून मला नीट तपासायला लावलं. कमरेला, परकराची नाडी बांधतात त्या रेषेत, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती. दुखत नव्हती, म्हणून बाईने सांगितली नव्हती, आणि मी पाहिली नव्हती. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होणारा. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. तेव्हापासून प्रत्येक भागानंतर वहीत एक ओळ लिहिते: हे आपल्याकडे कुणाला होईल, आणि आपल्याकडे याच्या जागी काय असेल?

अंतिम वर्षात आणि इंटर्नशिपमध्ये रोजच्या उपचारांसाठी 'द कर्बसायडर्स' आणि 'कोअर आयएम' चांगले आहेत. औषधांचे डोस मात्र पॉडकास्टवरून कधीच लिहू नका. ते पुस्तकात, आपल्या विभागाच्या प्रोटोकॉलमध्ये बघा आणि सिनिअरला विचारा.

'द नॉक्टर्निस्ट्स' वेगळं आहे, त्यातून अभ्यासाचं काही मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. एमिली सिल्वरमन यांनी ते सुरू केलं. डॉक्टर स्वतःच्या गोष्टी सांगतात: चुकलेलं निदान, गेलेला रुग्ण, मनात राहिलेली शरम. पहिल्यांदा माझ्या ड्यूटीत एक पेशंट गेला, त्या पहाटे मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून यातला एक भाग ऐकला. कुणीतरी माझंच बोलत होतं. तुमच्या फोनमध्ये एखादा भाग डाउनलोड करून ठेवा, वॉर्डात रेंज नसते.

आणि ज्या कार्यक्रमात बोलणारा डॉक्टर शेवटी स्वतःचीच पावडर किंवा कोर्स विकतो, तो बंद करा. "हे अजून ठाऊक नाही" असं जो कधीच म्हणत नाही, त्याचाही.

शेवटचं काम बोलण्याचं. महिन्यातून एकदा, ऐकलेल्या विषयावर तीन मिनिटं मराठीत रेकॉर्ड करा आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या एका माणसाला पाठवा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं. बहिणीला मी पहिला विषय दिला विंचवाचा, कारण परदेशी पॉडकास्टमध्ये आपला लाल विंचू सहसा भेटत नाही आणि त्याच्यावरचं मोठं काम आपल्याच माणसाचं आहे. जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात, महाडला बसून विंचूदंशाचे रुग्ण पाहिले, नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि ते 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मागच्या आठवड्यात तिचं रेकॉर्डिंग आलं, मागे एसटीची घरघर आणि कंडक्टरचं "सुटे द्या". ती आमच्या आजोळच्या सालगड्याला सांगत होती: विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, म्हणून शरीर आपलीच घाबरायची रसायनं सोडत सुटतं, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणून मंत्र-उतारा करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. सालगड्याने तिला उलट विचारलं, "पण मग दुखतंय कमी आन् घाम लई येतोय, त्यो जास्त वाईट का?" हो, त्याचीच जास्त काळजी करायची. तिने तो प्रश्न वहीत उजवीकडे लिहून ठेवलाय.