रॅम बदलली आणि आठवड्यात मशीन परत आलं

दुरुस्तीच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एक डेस्कटॉप आला. कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने विंडोज कोसळल्याचा निळा स्क्रीन. पहिल्यांदा 'मेमरी मॅनेजमेंट', मग 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', संध्याकाळी आणखी तिसराच कोड. मी नवशिक्या करतो तेच केलं, फॉरमॅट मारला. इन्स्टॉल अर्ध्यावर आलं आणि फाइल खराब असल्याचा एरर. पेनड्राइव्ह बदलला, पुन्हा एरर, फक्त फाइल वेगळी. अख्खा दिवस पाण्यात.

खरं तर मशीन ओरडून सांगत होतं. कोड एकच आणि त्यात दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव असेल, तर आधी तो ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, बघावा. कोड रोज नवा आणि कोरं विंडोजसुद्धा नीट बसत नसेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून मशीन उघडावं.

दुसऱ्या दिवशी मी रॅम बदलली. मशीन दिवसभर सुरळीत चाललं, मी खूश. आठवड्याने तेच मशीन, तोच निळा स्क्रीन. आमच्या सीनियरनी एवढंच विचारलं, "काढलेली रॅम दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिलीस का?" पाहिली नव्हती. मग ती तिथे लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवली, एकही एरर नाही. चांगली रॅम मी खराब ठरवली होती.

मग त्यांनी कागद घ्यायला लावला. रॅमच्या दोन काड्या, आणि त्या बसवलेले बोर्डावरचे दोन स्लॉट, दुसरा आणि चौथा. एका वेळी एकच काडी, एकाच स्लॉटमध्ये. पहिली काडी दुसऱ्या स्लॉटला पास. दुसरी काडीही तिथे पास. चौथ्या स्लॉटला मात्र दोन्ही काड्या नापास. चार ओळींचा कागद, पण दोष काडीत नाही हे त्यावर स्पष्ट दिसत होतं. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून विंडोजच्या बाहेर चालते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. तिच्या किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. 'एकच तर एरर आहे' असं मनाला समजावू नका, एक एररही चालत नाही. आणि त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा स्पीड वाढवणारी सेटिंग, बंद करा. वाढवलेल्या स्पीडला अडखळणारी काडी साध्या स्पीडला मुकाट चालते, मग दोष कुणाचा ते वेगळं ठरवावं लागतं.

स्लॉट खराब म्हणजे बोर्ड गेला, असं मी म्हणणारच होतो. सीनियरनी प्रोसेसरवरचा कूलर काढला, प्रोसेसर उचलला आणि टॉर्च मारून त्याखालच्या सॉकेटच्या पिना बघितल्या. एकही वाकलेली नव्हती. पण कूलर काढताना त्यांना जाणवलं होतं, एका कोपऱ्यातला स्क्रू बाकीच्या तिघांपेक्षा बराच जास्त आवळलेला होता. मेमरीच्या तारा रॅमच्या स्लॉटमधून थेट प्रोसेसरपर्यंत जातात. प्रोसेसर एका बाजूने दाबला गेला की दुसऱ्या बाजूच्या पिना नीट टेकत नाहीत आणि एखादं मेमरी चॅनल, म्हणजे रॅम ते प्रोसेसर हा एक मार्ग, डळमळतं. रॅम काढण्यासाठी मी मोठा कूलर हलवला होता, त्यात ताण जरा बदलला आणि मशीन आठवडाभर चाललं. मी मात्र श्रेय नव्या रॅमला दिलं. नवीन थर्मल पेस्ट लावून स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळले. रात्रभर मेमटेस्ट, शून्य एरर.

निळा स्क्रीन न येता मशीन एकदम बंद पडून रीस्टार्ट होत असेल, तर वाट वेगळी. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. त्याचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी नीट बंद झालो नाही' एवढाच. ते कारण नाही, नुसती नोंद आहे. गेम किंवा रेंडरिंग सुरू केलं की लगेच बंद पडतं, नुसतं ब्राउझिंग करताना नाही, असं असेल तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायवर. पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावून ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आकडा हवा. पण आकडा बरोबर आला म्हणून सप्लाय निर्दोष ठरवू नका, क्षणभराची घसरण साधा मीटर पकडत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच खरा उपाय. बंद एसएमपीएसही उघडायचा नाही, आतले कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात.

तापमानाचा प्रश्न मात्र लवकर उलगडतो. लोड देऊन आकडे बघा, फॅन फिरतोय ना ते बघा, धूळ काढा.

हार्ड डिस्कच्या बाबतीत स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या, यादीतल्या दोन ओळी आधी वाचा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवून आधी डेटा काढून घ्या. 'सीआरसी एरर काउंट' (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल तर डिस्क नव्हे, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदला. केबल बदलल्यावर हा आकडा मागे जात नाही, म्हणून घाबरू नका. आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने तोच आहे का ते बघा.