जुन्या नोटा जपता जपताच खराब होतात, या चुका टाळा

आजोबांच्या ट्रंकेत मला ५ रुपयांची जुनी नोट सापडली होती, फोटो सहाव्या जॉर्जचा आणि सही सी. डी. देशमुखांची, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातला माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, जाम भारी वाटलं. धोतराच्या घडीत ती इतकी वर्षं मस्त राहिली होती. मी हौसेनं पारदर्शक खिशांचा अल्बम आणला, त्यात घातली, आणि दोन पावसाळ्यांनी उघडून बघतो तर नोट प्लास्टिकला चिकटलेली, वर तेलकट चकाकी आणि वास नव्या रेनकोटचा.

तो वास आला की समजायचं, पीव्हीसी प्लास्टिक. मऊ राहावं म्हणून त्यात जे रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि नोटेत मुरतं. स्लीव्ह (नोट ठेवायचा पारदर्शक खिसा) घेताना पॉलिएस्टर (डीलर मायलार म्हणतात) नाहीतर पॉलिप्रॉपिलीन असंच नाव घेऊन मागा, 'चांगल्या क्वालिटीचं प्लास्टिक द्या' म्हणून काही उपयोग नाही.

आणि चिकटलीच असेल तर ओढू नका. मी ओढली, एका कोपऱ्याची शाई प्लास्टिकवर गेली. खिसा तीन बाजूंनी कापून उघडा करा, नोट टेबलावर सपाट राहू दे आणि प्लास्टिक मागे दुमडत अगदी हळू सोला. मध्ये अडलं तर तिथेच थांबा.

लॅमिनेशनबद्दल काय बोलू, गरम करून चिकटवलेलं परत निघत नाही, विषय संपला. फाटलेल्या नोटेला सेलोटेप लावणारे पण तेच करतात, टेप सुकून गळून पडते आणि पिवळा डाग मागे ठेवते. फाटकी आहे तर फाटकी राहू द्या की.

इस्त्री आणि धुणं हा तर वेगळाच छंद आहे लोकांचा. नोटेचा कागद कापसाचा असतो, धुतला तरी लगेच विरघळत नाही म्हणून लोकांना जोर येतो, पण कोऱ्या नोटेचा जो करकरीतपणा असतो तो जातो, बोटाला लागणारी उठावाची छपाई इस्त्रीने बसते, आणि एवढं करून तिरक्या उजेडात धरली की घडी दिसतेच. अशी नोट कोरी म्हणून विकायला गेलात तर डीलर हातात घेऊनच ओळखतो.

पिनहोलचं टेन्शन घेऊ नका. बँका पूर्वी गड्ड्या स्टेपल करायच्या, रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते बंद करायला सांगितलं, त्यामुळे त्याआधीच्या नोटांना भोकं असणं नॉर्मल आहे. पण जुन्या गड्डीत पिन अजून असेल तर ती गंजते. मागचे पाय नखाने सरळ करून पिन सरळ वर काढा, नोटा उपटू नका. रबर बँडही नको, तो वितळून चिकटतो.

कोकणात, मुंबईत खरा शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात अल्बम ठेवू नका, सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला, डांबरगोळ्या मात्र अल्बमपासून लांब. नोट ओलसर लागली तर दोन पांढऱ्या टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक, कागद रोज बदलायचे, हेअर ड्रायर नाही. बुरशी दिसली तर ती नोट आधी बाकीच्यांपासून वेगळी करा.

एक चूक कागदाची नाही, कायद्याची आहे. २०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा २०१७ च्या कायद्याप्रमाणे एरवी १० आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी २५ पर्यंतच ठेवता येतात, त्यावर सापडल्या तर दंड १० हजारांपर्यंत किंवा नोटांच्या किमतीच्या ५ पटीपर्यंत, जे जास्त असेल ते. कुणी काकांनी 'राहू दे तुझ्या कलेक्शनला' म्हणून अख्खी गड्डी दिली तर आधी मोजा.

माझी नोट आता पॉलिएस्टरमध्ये आहे, राजाच्या गालावरची चकाकी काही गेली नाही, आणि पुसायचा प्रयत्नही मी केलेला नाही.