प्राणिसंग्रहालयात काम सुरू करताना

प्राणिसंग्रहालयात काम करू इच्छिणारे बहुतेक जण प्राण्यांच्या ओढीने येतात. मीही तसाच आलो. पहिले काही महिने मात्र माझ्या हाती झाडू, पाण्याचा पाइप आणि नोंदवही एवढेच होते. उरलेले खाद्य तोलायचे, विष्ठेचा रंग आणि घट्टपणा पाहायचा आणि मगच पिंजरा धुवायचा, हा क्रम ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्या अंगवळणी पाडला. एकदा एका सिंहिणीने सलग दोन दिवस हाडे तशीच ठेवून फक्त मऊ मांस खाल्ले. ती नोंद वाचून पशुवैद्यकांनी तिला भूल देऊन जबडा तपासला, तेव्हा दाढेच्या मुळाशी पू झालेला आढळला. वन्य प्राणी दुखणे शक्यतो लपवतात, त्यामुळे पुष्कळदा पहिली खूण ताटातच सापडते.

कोठे काम करावे, हे संस्थेच्या प्रकारावरून ठरवावे. पारंपरिक संग्रहालयात अनेक प्रजाती एकाच जागी हाताळायला मिळतात, म्हणून सुरुवातीला मी तेच सुचवेन. सफारी उद्यानात कळपाचे वर्तन दुरून वाचावे लागते, तर मत्स्यालयात अर्धे काम पाण्यातील अमोनिया, क्षार आणि तापमान सांभाळण्याचे असते. बचाव केंद्रात येणारे काही प्राणी जंगलात परतू शकत नाहीत आणि त्यांचा सांभाळ जन्मभर करावा लागतो.

प्रजनन केंद्राची शिस्त सर्वांत कठीण असते. 1987 मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाचे उरलेले सर्व 27 पक्षी बंदिवासात होते. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना कॉन्डोरच्या डोक्यासारखी हातबाहुली वापरून भरवले जाई. जोड्या जुळवताना वंशावळीची नोंदवही पाहावी लागते, कारण मोजक्या प्राण्यांत जवळच्या नात्यातील संकर झाल्यास पुढची पिढी दुबळी होते.

संशोधनाची सुरुवातही अशाच निरीक्षणातून होते. 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होत होता आणि कावळे मरत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पक्षीही मरू लागले, तेव्हा तेथील विकृतिशास्त्रज्ञ (मृत प्राण्यांच्या ऊती तपासून रोगाचे कारण शोधणाऱ्या) ट्रेसी मॅकनमारा यांनी माणसांचा आजार आणि पक्ष्यांचे मरण यांचा संबंध असावा, असा आग्रह धरला. अखेर दोन्हींमागे डासांमार्फत पसरणारा वेस्ट नाईल विषाणू निघाला.

मुलाखतीला जाल तेव्हा संधी मिळाल्यास एखाद्या पिंजऱ्याची आदल्या दिवशीची नोंद पाहायला मागा. तिथे नुसते ‘ठीक’ लिहिलेले आढळले, तर उरलेले खाद्य कोण तोलते, हे जरूर विचारा.