माप घेण्याआधी टाळूवरून बोट फिरवा

बीडीएस होऊन सोलापुरातच पहिली नोकरी धरली, तेव्हा माझ्या हातून एक पूर्ण कवळी बिघडली. बरीच वर्षं झाली, पण आठवण आली की अजून पोटात कालवतं. तुम्ही आत्ता इंटर्नशिपमधून बाहेर पडत असाल, तर हे वाचाच.

दंतकमान चौकोनी, निमुळती किंवा अंडाकृती, यू आकाराच्या टाळूवर कवळी चांगली धरते, खोल व्ही आकारावर सुटते, हे तुम्हाला पाठ असेल. खऱ्या तोंडात मात्र डावी बाजू उजवीसारखी नसते. एकीकडच्या दाढा वीस वर्षांपूर्वी काढलेल्या असतात, तिथलं हाड जास्त झिजलेलं असतं. याची सवय होते, काळजी करू नका. मला अडवलं ते टोरसने, म्हणजे टाळूवरच्या हाडाच्या उंचवट्याने.

आजी पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या. वरचा एकही दात नव्हता. मी आरसा घातला, टाळू गुलाबी, नितळ दिसली, लगेच माप घेतलं. कवळी दिली त्या दिवशी सगळं छान. काही आठवड्यांनी आल्या, "डॉक्टरबाई, डुगडुगतीया बघा, अन् मधी लई आग होतीया." कडा लांब झाल्या असतील म्हणून मी घासल्या. पुन्हा आल्या, पुन्हा घासल्या. तिसऱ्या खेपेला कवळीची पकडच गेली. शेवटी लॅबमधल्या मामांनी साचा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, मध्ये अंगठा फिरवा." भुईमुगाच्या शेंगेएवढा चपटा उंचवटा होता.

टोरस पॅलाटिनस म्हणजे कठीण टाळूच्या मध्यरेषेवर वाढलेलं निरुपद्रवी हाड. बायकांत जास्त आढळतं. त्याच्यावरचं आवरण अगदी पातळ, तर रिजवरचं, म्हणजे दात गेल्यावर उरलेल्या हिरडीच्या उंच कडेवरचं, जाड, दाबलं की दबणारं. त्यामुळे चावताना कवळी दोन्ही बाजूंना दबते आणि मध्ये हाडावर टेकते. सुरुवातीला कळत नाही. रिज झिजत जाते तशी ती सी-सॉसारखी डुलायला लागते, जखम होते, पुढे कवळी मधोमध तडकते. एका बाजूच्या उपदाढेवर बोटाने दाबा. दुसरी बाजू उचलली गेली, तर टेकू मध्ये आहे का ते आधी बघा. तोवर कडेला हात लावू नका! आतून प्रेशर पेस्ट लावून कवळी बसवा, पेस्ट जिथे पुसली जाईल तेवढंच घासा. माप घेण्याआधीच टोरस हाताला लागला, तर साच्यावर त्याच जागी टिनफॉइल लावून रिलीफ, म्हणजे कवळीखाली थोडी मोकळी जागा, द्या. टोरस मागे व्हायब्रेटिंग लाइनपर्यंत, म्हणजे जिथून मऊ टाळू हलायला लागते तिथपर्यंत, पोचला असेल तर कवळीच्या मागच्या कडेचं हवाबंद सील बसणार नाही, तिथे सर्जनचं मत घ्या.

पेशंटला "हाड वाढलंय" एवढंच सांगून सोडू नका. मावा खाणाऱ्या माणसाच्या मनात लगेच कॅन्सर येतो. मध्यरेषेवर, दगडासारखं टणक, न दुखणारं आणि वर्षानुवर्षं तसंच असेल तर धीर द्या. गाठ एका बाजूला, मऊ, चिघळलेली किंवा वाढती असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा.

पुढच्या दातांमागचा हिरडीचा छोटा फुगवटा, म्हणजे इन्सिसिव्ह पॅपिला, तोही बोटाने चाचपा. त्याच्याखालून नस येते, दाब पडला की आग होते. वरचे मधले दात त्याच्या साधारण ८ ते १० मिमी पुढे लावतात. पण झिजलेल्या रिजवर तो पार कडेवर आलेला दिसतो, तिथे नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

"दोन मिनिटांत अल्जिनेट (माप घ्यायचा लगदा), झालं काम" म्हणणारे सीनियर भेटतील. हात चालवायला त्यांच्याकडून जरूर शिका, पण "हे असं का?" विचारल्यावर जो चिडतो त्याला गुरू करू नका. माझ्यासाठी ते लॅबचे मामाच.

आजींना दुसरी कवळी मी पैसे न घेता करून दिली. आठव्या दिवशी आल्या, म्हणाल्या, "आता हलत नाही, पण कडक भाकरी काय जमंना." मी टाळू पुन्हा चाचपून पाहिली, लाली नव्हती. म्हटलं, महिनाभर आमटीत भिजवून खा.